बारा किलोची जाहिरात मागे घ्या: इंका ट्रेलला ग्रुप नेणाऱ्या आयोजकांना खुलं पत्र

महाराष्ट्रातून पेरूच्या इंका ट्रेलला ग्रुप घेऊन जाणाऱ्या सगळ्या ट्रेक आयोजकांना, आणि मागच्या आषाढीला मी ज्यांच्याबरोबर गेले होते त्यांना खास करून,

नमस्कार,

तुमच्या संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. मला कुणाचा धंदा बसवायचा नाहीये, आणि परत आल्यावर वेगवेगळ्या ग्रुपबरोबर जाऊन आलेल्या चार-पाच जणांशी बोलले तेव्हा कळलं की थोड्याफार फरकाने बाकीच्यांचाही अनुभव असाच आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांना. पोर्टरवर टाकलेल्या जास्तीच्या ओझ्याबद्दल आधी मी फोन केला होता, मग दोन मेल पाठवले, एकदा ऑफिसला येऊन बसले पण. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "ताई, पोर्टरचं सगळं तिकडची लोकल कंपनी बघते, आपला त्यात संबंध येत नाही." त्यानंतर मी गप्प बसले खरंतर. पण मागच्या आठवड्यात तुमची पुढच्या सीझनची जाहिरात आली, त्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय की आता डफल बॅगला, म्हणजे आपली जी बॅग पोर्टर उचलतो तिला, ७ किलोची अट नाही, १२ किलो न्या, तुम्ही फक्त चाला, ओझं आमचं.

ओझं तुमचं नाहीये हो. तुमच्यातल्या एकानेही ते उचललेलं मी बघितलं नाही. ज्याला उचलताना बघितलं त्याच्याबद्दल लिहायला बसलेय.

माझं वय ५४, राहणार नाशिक, माहेर पुण्याचं. कॉलेजात असल्यापासून सह्याद्रीत फिरतेय, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, अलंग-मदन-कुलंग दोनदा केलेत, म्हणजे डोंगर मला नवीन नाही आणि त्रास झाला म्हणून तक्रार करणाऱ्यातली मी नाही. माझे वडील पुण्याच्या मार्केट यार्डात हमाल होते. मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मधे, त्यांना एक घट्टा होता. लहानपणी मी त्यावर बोट दाबून बघायचे तर ते म्हणायचे, दाब गं, तिथलं दुखणं कधीच संपलंय. १९६९ चा माथाडी कायदा, बाबा आढावांची हमाल पंचायत हे शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखे घेतले जायचे, कारण त्यांच्यामुळे पाठीवरच्या ओझ्याला काहीतरी हिशोब आला असं वडील म्हणायचे. चार वर्षं पैसे साठवून साडेचार लाख भरून मी माचू पिचूला गेले आणि तिथे पहिल्याच सकाळी मला तोच घट्टा दिसला, दुसऱ्या माणसाच्या मानेवर. माझा ह्या सगळ्याशी संबंध काय असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगून टाकलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. क्लासिक इंका ट्रेल म्हणजे चार दिवस, तीन मुक्काम, साधारण ४३ किलोमीटर. कुस्कोहून गाडीने यायचं, रेल्वेलाईनवर किलोमीटर ८२ म्हणून जागा आहे तिथे उरुबांबा नदीवरचा पूल ओलांडायचा आणि चालायला लागायचं. दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का नावाची खिंड लागते, तिथल्या केचुआ भाषेत त्याचा अर्थ मेलेली बाई, उंची ४,२१५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी शंभर मीटर कमी पडतात. वाटेत पाटायाक्ता, रुंकुराकाय, सायाकमार्का, पुयुपाटामार्का, विन्याय वाय्ना अशी एकेक जुनी वसाहत येते, आणि चौथ्या दिवशी पहाटे इंती पुंकू, म्हणजे सूर्यदरवाजातून खाली माचू पिचू दिसतं. पंधराव्या शतकातल्या दगडी पायऱ्या आहेत, अजून जागच्या जागी. त्या पायऱ्या खराब होऊ नयेत म्हणून खेचरं, घोडे नेत नाहीत. त्यामुळे तंबू, गॅस, टेबल, खुर्च्या, पीठ-मीठ, अंडी, आपल्या बॅगा, सगळं माणसाच्या पाठीवरून जातं. दिवसाला एकूण ५०० लोकांनाच परवानगी, त्यात गाईड आणि पोर्टर धरलेले, फिरायला येणारे दोनशेच्या आसपास. फेब्रुवारीत वाट पूर्ण बंद असते, डागडुजीला. एवढी काळजी पेरूवाले त्या दगडांची घेतात आणि माणसांसाठीही २००१ मध्ये त्यांनी वेगळा पोर्टर कायदा केला, एका माणसावर २० किलोच्या वर वजन नको, आणि त्या २० मध्ये त्याचं स्वतःचं पांघरूण, कपडे, सामान असं ५ किलो आलं. बाई असेल तर १५ किलो. म्हणजे आपल्या सामानासाठी पुरुष पोर्टरच्या पाठीवरही उरतात फक्त १५ किलो.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार किलोमीटर ८२ ची. तिथे चौकीवर काटा असतो, प्रत्येक पोर्टरचं गाठोडं तोललं जातं. काट्याच्या थोडं अलीकडे आमच्या ट्रेक लीडरने आम्हा १४ जणांना बाजूला बोलावलं आणि सांगितलं की जरा सहकार्य करा, थोडं थोडं सामान तुमच्या सॅकमध्ये घ्या, पुढे आपण परत घेऊ. माझ्या वाट्याला साडेतीन किलोची पिशवी आली, आत तांदूळ, भगर आणि मसाल्याची पाकिटं. एका ताईंच्या सॅकमध्ये पाच लिटरचा कुकर गेला. मला वाटलं पोर्टरना मदत म्हणून आपण घेतोय, मला बरंच वाटलं उलट. काट्यावर सगळे पास झाले, पासपोर्ट-परमिट तपासून झालं, पूल ओलांडला, फोटो झाले, आणि वीसेक मिनिटांनी एका वळणावर निवडुंगाच्या झाडांमागे सगळ्यांना थांबवून ते सामान परत त्यांच्या गाठोड्यात भरलं गेलं. माझी पिशवी ज्याच्याकडे गेली तो चाळिशीतला असेल, त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याच्या रोजीवर यायला नको. पायात टायरच्या रबराच्या चपला, गालात चघळायची कोकाची पानं. तो खाली बसला, निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाठोड्याचे पट्टे खांद्यात घातले, एक हात जमिनीवर टेकवला, आणि उठला नाही. पहिल्या झटक्याला उठताच आलं नाही त्याला. मग दुसऱ्याने मागून ओझं वर धरलं तेव्हा तो उभा राहिला आणि मान खाली गेल्यावर मला तो घट्टा दिसला.

माझ्याकडे विमानासाठी घेतलेला छोटा हातकाटा होता, बॅगेला हूक लावून उचलायचा असतो तो. पहिल्या रात्री वायाबांबाच्या कँपवर गाईडला विचारून, त्या माणसाला विचारून, मी आणि अजून एका मुलाने मिळून त्याचं गाठोडं तोललं. २७ किलो. दोनदा तोललं, दोन्ही वेळा २७.

हे कसं होतं ते मला नंतर गाईडने सांगितलं आणि ते मी इथे लिहिणार आहे कारण लोकांना माहीत पाहिजे. इंका ट्रेलवर पेरूची परवाना असलेली कंपनीच माणसं नेऊ शकते, आपल्याकडचे आयोजक म्हणजे मधले. तुम्ही त्या कंपनीशी दर ठरवता. आमच्या ग्रुपसाठी त्यांनी २० पोर्टर सांगितले होते, तुम्ही घासाघीस करून १६ वर आणले. चार माणसं कमी केली, चार माणसांची मजुरी वाचली. पण त्यांच्या वाटचं ६० किलो सामान पुण्यात थोडंच राहिलं? ते उरलेल्या १६ जणांवर वाटलं गेलं, प्रत्येकी पावणेचार किलो. त्यावर आमचा कुकर, तांदूळ, फरसाणचे डबे. त्यावर आमच्या बॅगा, सांगितलेल्या ७ किलो आणि भरलेल्या ९-१०. माझी स्वतःची साडेआठ होती, हे मी लपवत नाही. एक जास्तीचं जॅकेट आणि एक हेअर ड्रायर, जो चार दिवसांत कुठे लावायला प्लग पण नव्हता, ते त्या माणसाने माझ्यासाठी मेलेल्या बाईच्या खिंडीतून नेलं. ह्याची मला आयुष्यभर लाज वाटणार आहे.

म्हणून संबंध येत नाही असं तुम्ही म्हणता ते मला पटत नाही. दर तुम्ही पाडलात, माणसं तुम्ही कमी केलीत, काट्यापुढे सामान लपवायला तुमच्याच लीडरने सांगितलं, मराठीत सांगितलं, आणि आम्ही ऐकलं.

दुसरी तक्रार जेवणाची, आणि इथे मला आपल्याच लोकांशी पण बोलायचंय. "१००% महाराष्ट्रीयन जेवण, डोंगरावर पण" हे तुमच्या जाहिरातीत दरवर्षी असतं. ट्रेकचा दुसरा दिवस म्हणजे आषाढी एकादशी होती, ग्रुपमधल्या सात-आठ जणांना उपास होता, तुम्ही आधीच शब्द दिला होता की साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी सगळं मिळेल. मिळालं. ३,६०० मीटरवर, पाकायमायोच्या कँपवर, अंधारात कुकरची शिट्टी वाजली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. शिट्टी झाल्यावर बाहेर तंबूच्या दोरीला धरून उभे असलेले दोन पोर्टर आमच्याकडे बघत होते, ते का उभे होते ते मला तेव्हा कळलं नव्हतं, ते पुढे सांगते.

मला उपासाबद्दल काही म्हणायचं नाहीये, मी पण करते. पण तो साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळ दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिकडचा, मिरचीही अमेरिकेकडचीच आणि बटाटा तर ह्याच अँडीज पर्वतातला, इथल्याच शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी लावायला सुरुवात केलेला, आजही तिथे हजारो जातींचे बटाटे आहेत, पिवळे, जांभळे, वाकडेतिकडे. आपल्या उपासाचं बरंचसं ताट तिकडून आपल्याकडे आलंय. तेच आपण नाशिक-पुण्याहून पिशवीत बांधून परत त्यांच्याच पाठीवर लादून त्यांच्याच डोंगरात नेलं. आमचा तिथला स्वयंपाकी पहिल्या दिवशी किनोआचं सूप, उकडलेले बटाटे, मक्याचे दाणे, भात, भाजी असं करून वाढत होता, शाकाहारी लोकांना चार दिवस काही कमी पडलं नसतं. त्याला दुसऱ्या दिवशीपासून बाजूला बसवलं आणि तुमचा माणूस फोडण्या देत होता.

तिसरी गोष्ट त्या तंबूची. खिचडी खाऊन झाली, खिंड चढल्याचा आनंद होता, कुणीतरी भेंड्या सुरू केल्या. साडेनऊ-पावणेदहापर्यंत आम्ही जेवणाच्या तंबूत गात बसलो. जुलै म्हणजे तिकडचा कोरडा सीझन, रात्री आकाश मोकळं आणि थंडी अशी की सकाळी गवतावर दंव गोठलेलं असतं. मी पाणी घ्यायला बाहेर आले तर आठ-दहा पोर्टर तंबूच्या आडोशाला एकमेकांना चिकटून बसलेले, घोंगड्या पांघरून. मी गाईडला विचारलं हे झोपले का नाहीत, तर तो म्हणाला, त्यांची झोपायची जागा तीच आहे. आम्ही गात होतो तो तंबू. आमचं उठून झालं की टेबलं बाजूला सारून ते तिथेच जमिनीवर झोपणार होते आणि पहाटे चारला उठून आमच्यासाठी पाणी तापवणार होते. दिवसभर २५-२७ किलो घेऊन ४,२१५ मीटरची खिंड आमच्या दोन तास आधी पार केलेली माणसं. मी आत जाऊन सांगितलं, लगेच सगळे उठले, आपले लोक वाईट नाहीत. कुणाला माहीतच नव्हतं. पण तुम्हाला माहीत होतं, तुम्ही सहाव्यांदा ग्रुप घेऊन आला होतात, आणि पहिल्या रात्री कुस्कोत झालेल्या मीटिंगमध्ये तुम्ही आम्हाला सनस्क्रीनपासून टॉयलेट पेपरपर्यंत सगळं सांगितलंत, हे नाही सांगितलंत.

चौथी तक्रार उंचीची. मुंबईहून निघून दोन विमानं बदलून आम्ही लिमाला, तिथून कुस्कोला पोचलो, कुस्को ३,४०० मीटरवर आहे. समुद्राच्या पातळीवरून आलेल्या माणसाने तिथे निदान दोन-तीन रात्री काढायला पाहिजेत हे तिथला चहावाला पण सांगतो, कोकाचा चहा हातात देत. आम्हाला एक रात्र मिळाली. "९ दिवसांत पूर्ण पेरू" जमवायचं होतं ना. दुसऱ्या दिवशी खिंडीच्या अलीकडे युयुचापांपाजवळ ग्रुपमधल्या ६३ वर्षांच्या काकांना उलट्या सुरू झाल्या, डोकं धरून बसले, पाय सरळ पडेना. गाईडने बरोबर निर्णय घेतला, खाली न्यायचं, उंची कमी करणं हाच उपाय. सहायक गाईड आणि एक पोर्टर त्यांना घेऊन मागे फिरले, काका आता ठणठणीत आहेत, देवाची कृपा. पण जो पोर्टर त्यांना घेऊन गेला त्याचं गाठोडं तिथेच सोडलं गेलं, आणि बाकीच्या १५ जणांनी ते वाटून घेतलं. त्यानंतर त्या २७ किलोवाल्या माणसाचं ओझं परत तोलायची माझी हिंमत झाली नाही.

तुम्ही एक दिवस वाचवलात त्याची किंमत पण त्यांनीच उचलली. दर कमी केलात, जेवणाचा शब्द दिलात, दिवस कमी केलेत, आता बॅगेची अट काढलीत, हे सगळं तुम्ही आम्हाला सवलत म्हणून विकता, आणि प्रत्येक सवलत फिरून त्याच पाठीवर जाऊन बसते.

पाचवी गोष्ट टिपची, थोडक्यात लिहिते कारण पुरावा माझ्याकडे नाही आणि पुरावा नसताना आरोप करणार नाही. कुस्कोत प्रत्येकाकडून ६० डॉलर टिप म्हणून घेतलेत, १४ जणांचे ८४० झाले. तिसऱ्या रात्री विन्याय वाय्नाला सगळे गोल उभे राहिले, तुम्ही एक बंद पाकीट मुख्य पोर्टरच्या हातात दिलंत, टाळ्या झाल्या. किती दिले, कुणाला किती मिळाले, हे मी दोनदा विचारलंय. उत्तर आलेलं नाही. मला फक्त हिशोब हवाय.

सहावी गोष्ट आमच्या ग्रुपची नाही पण ऐकलेली. परमिट महिनोन्महिने आधी संपतात, नावावर आणि पासपोर्ट नंबरवर असतात, दुसऱ्याला देता येत नाहीत. मग ऐनवेळी लोकांना साल्कांताय ट्रेकला नेतात आणि पत्रकात मात्र इंका ट्रेलच छापलेलं असतं. साल्कांताय सुंदर आहे, त्याची खिंड वार्मिवान्युस्कापेक्षा उंच आहे, पण तो रस्ता सूर्यदरवाजातून माचू पिचूत उतरत नाही. जे आहे ते त्याच्या नावाने विका, लोक जातील.

चौथ्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. पहाटे साडेतीनला आम्हाला उठवलं, चौकी साडेपाचला उघडते, तरी एवढ्या लवकर का, तर पोर्टरना सामान आवरून खाली पहाटेची गाडी पकडायची असते. अंधारात, हेडलँपच्या उजेडात, माझी पिशवी नेणाऱ्या त्या माणसाला मी शोधून काढलं. मला केचुआचा एकच शब्द येत होता, गाईडकडून शिकलेला, सुल्पाय्की, म्हणजे आभारी आहे. मी म्हटलं. तो हसला, माझ्या हातात कोकाची चार पानं ठेवली आणि ओझं उचलून खाली उतरायला लागला. आम्ही वर सूर्यदरवाजाकडे निघालो, ते खाली रेल्वेकडे. दोन-अडीच तासांनी धुकं बाजूला झालं आणि माचू पिचू दिसलं, सगळे रडले, मी पण रडले. तिथे गाईड सांगत होता की १९११ ला हायरम बिंगहॅमने हे जगासमोर आणलं, पण त्याला वर घेऊन गेला तो मेल्चोर आर्तेआगा नावाचा तिथलाच शेतकरी, आणि त्याच्याही आधी १९०२ मध्ये आगुस्तिन लिसारागा नावाचा कुस्कोकडचा माणूस तिथे भिंतीवर आपलं नाव लिहून गेला होता. मी गाईडला विचारलं आमच्या पोर्टरनी माचू पिचू बघितलंय का. १६ पैकी पाच जणांनी, म्हणाला. बाकीचे शेकडो वेळा तिथल्या दारापर्यंत आलेत आणि खाली उतरलेत.

आता मागण्या. ह्यात मला एकही मागणी अवघड वाटत नाही.

१२ किलोची जाहिरात मागे घ्या, ह्याच महिन्यात, बुकिंग सुरू व्हायच्या आत. डफल बॅग ७ किलो, त्यात स्लीपिंग बॅग आणि मॅट धरून, आणि ती निघायच्या आधी इथे तुमच्या ऑफिसात तोला, जास्त असेल तर बाहेर काढा, माणूस कितीही मोठा असू दे. मी पण भरली होती जास्त, कुणी काढायला लावली असती तर निमूट काढली असती.

पोर्टर किती असणार हे पत्रकात लिहून द्या, जसं हॉटेल किती स्टार ते लिहिता तसं. आणि काटा ओलांडल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्या ग्रुपसमोर परत एकदा वजन करा. माणसामागे २० किलो, बाई असेल तर १५. माणसं कमी पडत असतील तर दर वाढवा. आमच्या १४ जणांच्या साडेचार-साडेचार लाखांत चार पोर्टरची मजुरी बसली नसती असं मला कुणी सांगू नये, आणि नसेलच बसत तर पाच हजार जास्त घ्या आणि कशासाठी ते सांगा, मी तरी आनंदाने देईन.

कुकर, तांदूळ, भगर, डबे हे सगळं बंद. तिथला स्वयंपाकी जे करेल ते खायचं. उपासाला उकडलेले बटाटे आणि शेंगदाणे आहेत. ज्याला लाडू-चिवडा न्यायचाय त्याने स्वतःच्या पाठीवर न्यावा.

पोर्टरसाठी वेगळा तंबू आणि खाली अंथरायला मॅट द्या. तो होत नाही तोपर्यंत जेवणाचा तंबू आठच्या आत रिकामा करायचा आणि का करायचा हे कुस्कोच्या मीटिंगमध्ये सांगायचं.

ट्रेकच्या आधी उंचीवर किमान तीन रात्री. ९ दिवसांत जमत नसेल तर ११ दिवसांचा करा, नाहीतर लिमाचं साइटसीइंग कापा.

टिप प्रत्येक पोर्टरच्या हातात, सोलमध्ये, म्हणजे पेरूच्या चलनात, सगळ्यांसमोर. आणि आमच्या ८४० डॉलरचा हिशोब लेखी.

पेरूच्या कंपनीला, मग तिकडच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिण्याचा सल्ला मला दोघा-तिघांनी दिला. लिहीन पण. पण काटा चुकवायची सूचना मराठीत झाली होती म्हणून पहिलं पत्र मराठीत.

जे पुढच्या सीझनला जाणार आहेत त्यांना एकच विनंती, पैसे भरायच्या आधी फोन करून विचारा, आपल्या ग्रुपला पोर्टर किती आणि प्रत्येकाच्या पाठीवर किलो किती. उत्तर टाळलं तर परत विचारा. आणि किलोमीटर ८२ ला कुणी तुमच्या हातात पिशवी देऊन म्हणालं की जरा पुढेपर्यंत धरा, तर धरा, पण मग चारही दिवस तुम्हीच धरा.

तुमची पुढची बॅच मुंबईहून मे महिन्यात निघतेय असं जाहिरातीत आहे. माझा हातकाटा अजून चालू आहे. त्या रात्री मी एअरपोर्टवर येऊन उभी राहणार आहे, ज्यांना आपली बॅग तोलून बघायची असेल त्यांना तोलून देईन, आणि जे काढून ठेवतील ते सामान घरी नेऊन सांभाळेन, परत आल्यावर घेऊन जा.

तुमच्या १४ जणांच्या ग्रुपमधली एक,
नाशिक